तगमगांक

बंधाऱ्यावर उभ्या केतकीने खांद्यावरच्या लेकीची टोपी पुढे ओढली आणि पुन्हा यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. डॉल्फिन : ९१. शिंपले : १२.

तगमगांक. पाण्यातला जीव किती कासावीस झालाय ते सांगणारा आकडा. खाडीतले संवेदक डॉल्फिनची शीळ आणि श्वास टिपत, तर शिंपल्याच्या कवचावरचे त्याच्या हृदयाचे ठोके मोजत. एकाला फुप्फुसं, गरम रक्त, आईचं दूध. दुसऱ्याला मेंदूही नाही. या किनाऱ्यावरून दोघंही संपत आलेले. दोघांना एकाच मापाने मोजणारी पट्टी केतकीनेच बनवली होती.

उधाणात आत शिरलेलं पिल्लू बंधाऱ्याआड अडकलं होतं. बाहेर त्याची आई येरझारा घालत होती. ओहोटीत उघाडी, म्हणजे बंधाऱ्याचं दार, उचललं तर पिल्लू सुटलं असतं. पण आतलं पाणी उतरून खाडीतले शेवटचे शिंपले भर उन्हात उघडे पडले असते.

"भरतीपर्यंत थांब गो बाय," शेजारी उभी चांगुणाबाई म्हणाली. तिचं घर या शिंपल्यांवर चाले.

"पिल्लू टिकायचं नाही तोवर, मावशी. शिंपले बघा, निवांत आहेत."

"बोंबलत नाहीत म्हणून निवांत? तुझं यंत्र माझ्या नवऱ्यासारखंच. ओरडल्याबिगर ऐकत नाही."

केतकीने कळ दाबली. दार वर सरकलं, पाणी धावलं. डॉल्फिन ९६. शिंपले ९, तासाभराने ७.

"बघा, शिंपल्यांचा आकडा कमीच होतोय."

खांद्यावरची किरकिर थांबली होती. सवयीने केतकीचं बोट लेकीच्या नाकाखाली गेलं. बोटाला श्वास जाणवला. झोपली होती.

बोट तिथेच राहिलं. पोर रडली की ती घाबरत नसे, गप्प झाली की घाबरे. यंत्राला मात्र तिने उलटं शिकवलं होतं : ठोके वाढले की तगमग. संकटात शिंपल्याचे ठोके तर मंदावतात!

दार पाडावं, तर पिल्लू दाराच्या तोंडाशीच आलेलं. अंगठा कळेवर थिजला. पिल्लू सुळकन बाहेर गेलं, तेव्हाच तिने दार पाडलं. आत चिखल चमकत होता. शिंपले : ०. शेजारी हिरवा दिवा.

दोघी चिखलात उतरल्या. चांगुणाबाईने आ वासलेला एक शिंपला उचलला. "गेला का, मावशी?" केतकीने विचारलं.

"जिता असला तर बोट लागल्यावर मिटंल," चांगुणाबाई म्हणाली. केतकीने बोट टेकवलं.

शिंपला तसाच उघडा होता.

"मिटायला किती वेळ घेतो?" केतकीने विचारलं.