सोळा महिन्यांची साक्षीदार

खिळा रिकामा होता.

पाळणाघराच्या झोपायच्या खोलीत दाराशेजारच्या या खिळ्यावर गेली अकरा वर्षं एक लांबट, पातळ वही लटकत असे. एक भरली की दुसरी. कोण किती जेवलं, कुणी आज पहिल्यांदा ठोकळ्यावर ठोकळा ठेवला, सगळं मावशी त्यात लिहीत आणि संध्याकाळी संचालिका खाली सही करत. आता तिथे नुसता सुतळीचा तुकडा उरला होता.

"वही मिळाली तर बरंच," मावशी फौजदारांना म्हणाल्या. "नाही मिळाली तरी मी इथून हलणार नाही."

सोमवारी दुपारी तीन वर्षांचा एक मुलगा झोपेतून उठून जिन्यावरून गडगडला आणि त्याचा हात मोडला. जिन्याच्या फाटकाची कडी मावशींनी उघडी टाकली, असं संचालिकांचं म्हणणं. कडी महिनाभर सैल होती, तीनदा वहीत लिहून तिन्ही वेळा बाईंची सही घेतली, असं मावशींचं. पण मावशी मुलाला उचलून दवाखान्यात धावल्या, दोन तासांनी पोलिसांनी खोलीला कुलूप लावलं, आणि तेवढ्या वेळात वही गायब झाली होती. वहीशिवाय मावशींचा शब्द कोण धरणार? मुलं सांभाळायचं काम त्यांना पुन्हा कुठेही मिळणार नव्हतं. संचालिकांनी राजीनाम्यासाठी कोरा कागद पुढे केला होता. मावशींनी तो घडी करून पिशवीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर झाल्या.

आज गुरुवार. कपाटं, गाद्यांच्या खोळी, अगदी लंगोटांची बादलीसुद्धा उपसून झाली होती.

फौजदारांनी फाटकाची कडी निरखली. कडी जुनाट, काळवंडलेली. स्क्रू मात्र चकचकीत. त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

"हे कधी बसवले?"

"सोमवारी."

"मुलगा पडायच्या आधी की नंतर?"

तो जरा घुटमळला. "नंतर. बाईंनी सांगितलं म्हणून. पण मी जिन्यावरच होतो साहेब, खोलीत पाय ठेवला नाही."

कडी वेळेवर दुरुस्त न करण्यात त्याचीही मान अडकली होती, हे फौजदारांनी मनात टिपून ठेवलं.

"त्या वेळी खोलीत कोण होतं?" त्यांनी मावशींना विचारलं.

"मी निघाले तेव्हा सगळी पोरं झोपली होती. एक बबडी सोडून. ती दुपारची झोपतच नाही, पाळण्यात उभी राहून सगळ्यांवर नजर ठेवते."

"तिला बोलता येतं?"

"तीन शब्द. आई, भू आणि नाही. त्यातलं नाही जास्त."

संचालिकांच्या कार्यालयात वाट बघताना फौजदारांनी पालकांसाठीचं एक पत्रक वाचलं आणि खिशात घातलं. संचालिका हात धुऊन आल्या. बोलता बोलता चष्मा नाकावरून घसरला की त्या तो मनगटाने वर ढकलत. बाळांना घेणाऱ्या माणसाची सवय, धुतलेली बोटं तोंडाला लावायची नाहीत. सोमवारी त्या खोलीकडे फिरकल्याच नव्हत्या, सारा वेळ इथे फोनवर होत्या, असं त्यांनी सांगितलं. बबडीचं नाव निघताच त्या हसल्या.

"सोळा महिन्यांच्या मुलाला काय आठवणार? भाषा आल्याशिवाय आठवण टिकत नाही. हा माझा विषय आहे."

ठणकावून सांगणाऱ्या माणसांचा फौजदारांना उगाचच राग येई. ते उठून थेट बबडीच्या घरी गेले. आई बिचारी पोरीच्या नव्या खुळाने वैतागली होती. तीन दिवसांपासून कंगवा, वर्तमानपत्र, विजेचं बिल, हाती येईल ते ड्रेसिंग टेबलाच्या आरशामागे कोंबायचं, मग नाकाला मनगट घासायचं आणि ओठांवर बोट ठेवायचं. सर्दी झाली असावी, असं आईला वाटत होतं.

फौजदारांनी चहा अर्धवट टाकला.

तासाभरात सगळे पाळणाघराच्या त्या खोलीत जमले. एकाच गोष्टीची सक्त ताकीद होती: कुणी काही विचारायचं नाही, बोटही दाखवायचं नाही. लहान मुलाला विचारलं की ते विचारणाऱ्याला हवं तेच सांगतं.

बबडीच्या हाती चित्रांचं एक पातळ पुस्तक दिलं. तिने ते चावलं. मग जमिनीवर बसून आपटलं. पाच मिनिटं गेली. संचालिकांनी घड्याळ पाहिलं. मावशी कोपऱ्यात हाताची घडी घालून बसल्या होत्या.

मग बबडी उठली. डुलत डुलत भिंतीवरच्या बुटक्या आरशापाशी गेली. बाळांनी स्वतःला बघावं म्हणून तो खाली, लाकडी पट्ट्यांवर ठोकलेला होता. तिने पुस्तक त्याच्या कडेने आत सरकवलं. मनगटाने नाक वर ढकललं. ओठांवर बोट ठेवलं. आणि संचालिकांकडे वळून ओळखीचं हसली.

फौजदारांनी आरसा उतरवला. मागे दोन बोटांची फट होती. पुस्तक पडलं, आणि त्याच्या पाठोपाठ वही.

"हे तिला कुणीतरी शिकवलंय," संचालिका म्हणाल्या.

"शिकवलंय खरं," फौजदार म्हणाले. "मावशी दवाखान्यात होत्या. दुरुस्तीवाल्याला चष्मा नाही. पोरीला सर्दी नाही, ती चष्मा सावरतेय, जो तिच्या नाकावर नाही. बाई, जिन्यावर दुरुस्तीवाला होता, खाली पालक जमले होते. वही घेऊन बाहेर पडता येईना, म्हणून तुम्ही ती इथे सरकवली. संध्याकाळी न्यायची होती, पण आमचं कुलूप आधी लागलं. पाळण्यातली पोर बघत होती. ती रडू नये म्हणून तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. बोलता न येणाऱ्याला आठवतही नाही, असं तुम्ही धरून चाललात."

त्यांनी खिशातलं पत्रक काढून वाचलं: "मूल बोलण्याआधी बघतं. पाहिलेलं दिवसेंदिवस मनात ठेवतं आणि हातांनी सांगतं. त्याच्यासमोर जपून वागा." मग ते म्हणाले, "खाली तुमचंच नाव आहे."

वहीत कडीच्या तीन नोंदी होत्या आणि खाली तीन ठसठशीत सह्या. संचालिका बुटक्या खुर्चीत बसल्या. अकरा वर्षांत फक्त या नोंदी न वाचता सही केली, एवढंच त्या पुटपुटल्या.

मावशी वहीला हात लावायला गेल्या, तेव्हा फौजदारांनी अडवलं. पुराव्यात आता काही लिहायचं नाही.

"बरं," मावशी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून राजीनाम्याचा तो कोरा कागद काढला, मांडीवर सरळ केला आणि रोजच्या अक्षरात लिहिलं: बबडी, सोळा महिने. पाहिलेली गोष्ट तीन दिवसांनी जशीच्या तशी करून दाखवली. आठवण पक्की.

कागद आणि पेन त्यांनी संचालिकांपुढे धरलं.

"सही करा, बाई. आजची नोंद राहिलीय."