काचेमागची खुर्ची

काचेपलीकडचं दार उघडलं, आणि आत आलेल्या बाईला लॉरेलनं पाहताक्षणी ओळखलं... ती तिची आई होती!

रविवारी चर्चला घालायचा तोच निळा झगा, छातीशी घट्ट धरलेली पर्स. नवीन होती ती फक्त नाकाखालून गेलेली ऑक्सिजनची नळी. कितीतरी वर्षांत लॉरेलनं हा चेहरा पाहिला नव्हता. आज एक नवीन बाई पहिल्यांदाच येणार आहेत, एवढंच लॉरेलला आणि तिच्या वर्गातल्यांना सांगितलेलं होतं.

विद्यापीठाच्या या केंद्रात संसाराला कंटाळलेली, लेकरांना दुरावलेली गावातली माणसं येत आणि विवाह व कुटुंब समुपदेशन शिकणाऱ्या मुलांपुढे मन मोकळं करत. अट एकच, की भिंतीतल्या आरशामागे बाकीची मुलं आणि त्यांचे सर बसून ऐकणार. आतल्यांना दिसे नुसता आरसा. मागच्या अंधाऱ्या खोलीतून मात्र सगळं दिसे, सगळं ऐकू येई.

"ओळखीचं माणूस दिसलं की उठायचं आणि बाहेर जायचं," शिकवणारे सर, डॉक्टर हॅनफर्ड, यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आत काय झालं ते नंतर कुणाला विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. मग ती तुमची सख्खी बहीण का असेना."

तेव्हा सगळे हसले होते. लॉरेलही हसली होती. पश्चिम टेक्सासातल्या या गावात सगळेच एकमेकांच्या ओळखीचे, मग आपण शिकणार तरी कुणावर, असं कुणीतरी म्हणालंही होतं.

पण आता पाय उचलेनात. आणि कसे उचलावेत? ज्या एका वाक्यासाठी तिनं पंचवीस वर्षं वाट पाहिली, ते या बाईच्याच ओठांत अडकून बसलेलं होतं!

सोळा वर्षांची होती लॉरेल तेव्हा. त्या संध्याकाळी गाडी वेस्ली चालवत होता, तिचा थोरला भाऊ, तोंडाला बिअरचा वास येत असलेला. शेजारी वडील होते आणि मागे लॉरेल. कापसाच्या शेताकडेच्या नाल्यात गाडी उलटली आणि वडील जागच्या जागी गेले. इस्पितळाच्या व्हरांड्यात आईनं लॉरेलचे दोन्ही हात धरले होते. "तू अजून लहान आहेस गं, तुला कुणी काही करणार नाही. त्याला मात्र तुरुंगात टाकतील. देवानं त्याला प्रचारक व्हायला निवडलंय, लॉरी... म्हण, गाडी मी चालवत होते." आणि वडिलांचं रक्त अंगावर वाळत असताना ती तसं म्हणाली.

वेस्ली याच विद्यापीठात शिकून डॅलसला मोठ्या चर्चचा पाळक झाला. लॉरेल मात्र गावाच्या लेखी बापाला मारणारी पोरगी ठरली. तिचं ठरत आलेलं लग्न मुलाच्या आईनं मोडलं, चर्चमधल्या जेवणात तिनं आणलेल्या भांड्याला कुणी हात लावीना. हे सगळं तिनं सोसलं असतं. पण आईनंही नजर फिरवली! सुरुवातीला लोकांसमोर गप्प राहणारी आई हळूहळू घरातही गप्प झाली, आणि एका थँक्सगिव्हिंगच्या सणाला भरल्या ताटांपुढे म्हणाली, "आज हे असते तर... पण काहींना गाडी पळवायची घाई होती ना." त्या दिवशी लॉरेल उठली ती कायमचीच. मोडलेली घरं सांधायला शिकावं असं तिला चाळिशीत का वाटलं, हे वेगळं सांगायला नको.

"काचेमागे किती जण आहेत?" पलीकडून आईचा आवाज आला. तोच खरखरीत, हुकमी आवाज, फक्त मध्ये मध्ये श्वास तुटत होता.

"पाच जण, मॅडम," लॉरेलच्या वर्गातली प्रिसिला म्हणाली. आज बोलायची पाळी तिची होती.

"मग माझी खुर्ची तिकडे वळव, पोरी. माणसांकडे पाठ करून बोलायची सवय नाही मला."

हीच आई! लॉरेलच्या ओठांवर नकळत हसू आलं आणि डोळे भरून आले. खुर्ची वळली. आई थेट तिच्याकडे पाहत होती... छे, आरशात स्वतःलाच पाहत असणार. तिनं केस सारखे केले.

डॉक्टर पुढच्या रांगेत होते, त्यांची पाठ लॉरेलकडे होती. अंधारात कुणाला काही कळलं नसतं. एक तास नुसतं बसून राहायचं, बस्स. पण बिचारी परक्यांच्या भरवशावर मन उघडायला आली आहे, आणि आपण चोरासारखं लपून ऐकायचं? ते वाक्य तिला असं उचलून घ्यायचं नव्हतं. ते आईनं तिच्या हातात द्यायला हवं होतं!

"मला एक मुलगी आहे," आई म्हणाली. "तिचे वडील गेले त्या दिवशी..."

लॉरेल उठली. दाराची मूठ हाताला थंडगार लागली. तिनं दार ओढून घेतलं, आणि आईचा आवाज मागेच राहिला.

व्हरांड्यात भिंतीला टेकून ती तासभर उभी होती. मग एकेक जण बाहेर आला. कुणी तिच्याकडे पाहीना. प्रिसिलाचं नाक लाल झालं होतं. तिनं लॉरेलचा खांदा क्षणभर दाबला आणि झपाझप निघून गेली. शेवटी डॉक्टर आले.

"सर, ती माझी आई आहे."

"आलं माझ्या लक्षात." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "मला काहीही सांगता येणार नाही, लॉरेल."

"मी विचारतही नाही, सर."

बाहेर वाऱ्यानं लाल धूळ उठवली होती. चर्चच्या गाडीची वाट पाहत आई बाकावर बसली होती, पायांशी ऑक्सिजनची टाकी. लॉरेल मागल्या मागे वळणार, एवढ्यात हाक आली.

"लॉरी."

ती जवळ गेली. आईनं बाकावरची पर्स उचलून तिला जागा करून दिली. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी त्यावर एक विलक्षण शांती होती. वडील गेल्यापासून लॉरेलनं ती पाहिली नव्हती.

"तू इथं शिकतेस हे गावात कळलं होतं; तुम्ही लोक गुरुवारी बसता, हे मी फोन करून विचारून घेतलं," आई म्हणाली. "तुझं नाव नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्यांनी येऊच दिलं नसतं मला."

लॉरेल बाकावर बसता बसता थबकली. "म्हणजे... तुला माहीत होतं? मी तिथं असणार म्हणून?"

"मग आणखी कशाला आले असते? तुझ्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती माझी. तीनदा तुझ्या दाराशी येऊन परत गेले. म्हटलं, काच मध्ये असली तर जमेल." आई खोकली, बराच वेळ खोकत राहिली. "आणि पाच माणसांसमोर बोलले. लपवून नाही. काल वेस्लीलाही फोन करून सांगितलं, मी बोलणार आहे म्हणून. तो रडला. रडू दे म्हटलं."

"आई, मी तर..."

"थांब. इस्पितळातला डॉक्टर म्हणतो, नाताळ काही दिसायचा नाही मला. रात्र रात्र घोकलं होतं ते सगळं. तिथं तुझ्याकडे बघत बोलले, आणि आता आत काही उरलंच नाही बघ. पुन्हा बोल म्हणशील तर माझ्याच्यानं व्हायचं नाही." तिनं आपला हाडकुळा हात लॉरेलच्या हातावर ठेवला. डोळ्यांत अशी आर्जवी भीती, की लॉरेलला ती बघवेना. "ऐकलंस ना गं सगळं?"

मी नव्हते तिथं, आई... मी उठून गेले होते! शब्द ओठांपर्यंत आले. तिनं ते गिळले. आयुष्यात दुसऱ्यांदा ती या बाईसाठी खोटं बोलणार होती, फरक इतकाच, की या वेळी तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

"हो, आई. सगळं ऐकलं."

"शेवटचंही?"

"शेवटचंही."

आईनं डोळे मिटले. मिटल्या पापण्यांतून पाणी नळीवर ओघळलं. "मग... माफ केलंस?"

"केलं," लॉरेल म्हणाली, आणि आईला दोन्ही हातांनी कुशीत घेतलं. माफ नेमकं काय केलं, ते तिला कधीच कळणार नव्हतं.