बादलीतली नदी

"सात पॉइंट आठ! आजपण तेच!" चष्म्या पुलावरून ओरडला.

सुट्टी लागल्यापासूनचा हा त्याचा आणि ठमीचा खेळ. पुलावरच्या नव्या फलकावर नदीच्या पाण्यातल्या प्राणवायूचा आकडा झळकायचा. तो जो आधी ओळखेल तो जिंकला! पण तीन आठवडे झाले, आकडा हलायचं नाव घेईना. खाली पाण्यावर हातभर फेस, काठाला मेलेले मासे, आणि वर फलक हिरवागार: 'पाणी स्वच्छ'!

"बंद कर तुझा आकडा!" ठमी खेकसली.

चष्म्या वरमला. ठमीची सहा वर्षांची बहीण छकुली चार दिवसांपासून दवाखान्यात सलाइनवर होती. तिला नदीत डुंबायला ठमीनंच नेलं होतं. 'धोका टळला' असं डॉक्टर अजून म्हणत नव्हते.

"बाबा ओरडले, नदीत कशाला नेलंस? मी म्हटलं, फलक हिरवा होता ना! तर त्यांचा चेहराच पडला रे. ताट सारून उठून गेले. आमचे बाबा, आणि भांडण अर्धं टाकून जातात?"

ठमीचे बाबा पुलाशेजारच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात कामाला होते. फलकाला आकडा पुरवणारा पाण्यातला सेन्सर दर शनिवारी वर काढून धुवायचा, हे त्यांचंच काम.

दुपारी बाबांचा डबा घेऊन ठमी केंद्रात गेली. सेन्सरच्या खोलीत डोकावली आणि दारातच थबकली. सेन्सरची वायर नदीकडे गेलीच नव्हती! ती कोपऱ्यातल्या निळ्या बादलीत उतरली होती. बादलीत नळाचं पाणी.

"उद्या याच वेळेला फलकावरून नजर हटवायची नाही," तिनं चष्म्याला बजावलं.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत नदीच्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. ठमीनं बादली मोरीत उपडी केली आणि बाटल्या तिच्यात रिकाम्या केल्या.

"दोन पॉइंट एक!" पुलावरून आरोळी आली. "लाल! ठमे, लाल झाला!"

पुलावर ही गर्दी! केंद्राचे साहेब धापा टाकत खोलीत आले. "नदीला एकदम झालं काय?"

"नदीला नाही साहेब, तुमच्या बादलीला झालं! मी तिच्यात नदी ओतली."

"कार्टे, चालती हो!"

"थांबा साहेब," दारातून बाबा म्हणाले. "फेसानं सेन्सर बिघडतोय, दोन दिवस बादलीत ठेव, असं तुम्हीच म्हणालात. तीन आठवडे झाले. मीही तोंड शिवून बसलो." त्यांनी सेन्सर उचलला आणि खिडकीतून नदीत सोडला. फलक लालच राहिला.

संध्याकाळी मुख्य कचेरीतून इंजिनिअर मॅडम आल्या. त्यांनी तपासलं, तर एक मोठा पंप तीन आठवडे बंद होता आणि अर्ध्या शहराची घाण सरळ नदीत चालली होती. फलक हिरवा, मग विचारतो कोण! साहेबांना आणि बाबांना, दोघांनाही कामावरून घरी बसवलं.

"शाबास मुलांनो!" मॅडम म्हणाल्या. "एवढी यंत्रं आणली आम्ही, पण पाण्याकडे पाहिलं ते तुम्ही!"

ठमीला मात्र ती शाबासकी गोड लागेना. ती बाबांबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टर पहिल्यांदाच हसून म्हणाले, "धोका टळला."

छकुलीनं डोळे उघडले. "ताई, आज किती?"

"दोन पॉइंट एक," बाबाच म्हणाले. "लाल. आधीचा आकडा खोटा होता, बाळा."

"तुम्हाला माहीत होतं?" छकुलीनं विचारलं.

बाबांनी होकारार्थी मान हलवली.

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

बाबा तोंडावर रुमाल धरून रडायला लागले. ठमीनं त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.