चौथ्या यंत्राची फितुरी

"मॅडम, माझी पदवी जातेय!" ल्याव सू-थिंग खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली.

शाओ मॅडमनी चहा पुढे सरकवला. शिनचू शहरात खासगी तपास करणारी ही एकटीच बाई. मदतीला फांग, निवृत्त हवालदार.

"आमच्या प्रयोगशाळेत पाच संगणक-यंत्रं मिळून एकच काम करतात. एखादं फितूर वाटलं, तर बाकीची चार मतदान करून त्याला बाहेर काढतात. तीन दिवस झाले, चौथ्याला सारखी हाकलतायत. माझे मार्गदर्शक कू सर म्हणतात, मीच त्यात काहीतरी घुसवलं. उद्या परीक्षक येणार, आणि सरांनी माझी प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली."

यंत्रं मतदान करतात? फांगचं डोकं गरगरलं.

प्रयोगशाळेत पाच कपाटं गुणगुणत होती. तिथल्या रिवाजाप्रमाणे, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून चौघांच्या डोक्यावर खाऊचं हिरवं पाकीट होतं. चौथ्याचं डोकं मात्र रिकामं.

"त्याचं कुठे गेलं, देव जाणे," देखभाल करणारा हान म्हणाला. "मी नववर्षाला पाचही एकदम बदलतो. उघड, सगळ्यांसमोर."

कू सर उखडले. "खाऊनं यंत्र सुधारतं? आणि चौथ्यावरच्या पाकिटासारखी खाऊची मुदत संपली, की म्हणे यंत्र बिघडतं! अडाणीपणा! किल्ल्या तिघांकडेच होत्या, मी, हान आणि ही. मी घुसखोर शोधतोय."

फांगनं चौथ्याला हात लावला नि झटकन काढला. "बाप रे, तवा झालाय! बाई, हा हानच असणार. की ती पोरगी? मला काही कळेना."

"कळेल, फांगदादा." मॅडम कपाटामागे वाकल्या आणि हात बाहेर काढला. हातात खाऊचं नवंकोरं हिरवं पाकीट होतं, चिकटपट्टीसकट.

"वाऱ्याच्या जाळीवर चिकटवलेलं. यंत्र तापलं, मंदावलं, उत्तरं उशिरा देऊ लागलं. बाकीच्यांना वाटलं, हे खोटं बोलतंय. घुसखोर कुणीच नव्हता."

"पण लावलं कुणी?" फांग.

"हान उघड ठेवतो. सू-थिंगनं ही यंत्रं उभारली, ती जाळी झाकणार नाही. लपवायची गरज फक्त ज्याला लाज वाटते त्याला. आणि चौथ्यावरच्या पाकिटाची मुदत संपली होती, हे इथे कुणीच बोललं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं, सर?"

कू सर लालबुंद झाले. "तिची परीक्षा जवळ आली होती. तेवढंच एक पाकीट मुदत संपलेलं दिसलं, म्हटलं, उगाच धोका नको, म्हणून ते काढून नवं मागे लपवलं." ते सू-थिंगकडे वळले. "आणि संशय तुझ्यावरच घेतला. चुकलो, पोरी."

त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली.

अर्ध्या तासात यंत्र निवलं. चौघांनी मत देऊन त्याला परत घेतलं.

सू-थिंगनं किल्ली घेतली आणि पाकीट सरांच्या हातात दिलं. "वर ठेवा, सर. सगळ्यांना दिसेल असं."