सरांना वाचून दाखवणारी

काम तसं साधंच होतं. औषधाच्या दुकानातून डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली घ्यायची, स्कूटीवर जवळच्या औंढ्याला जायचं, मोघे सरांना तासभर पुस्तक वाचून दाखवायचं आणि दिवेलागणीला लोणावळ्यात घरी परत यायचं. आपल्या गल्लीतल्या वाहिद पंक्चरवाल्याची मुलगी लैला हे काम करायची. समर्थ, प्रेरणा, तुम्ही तिला पाहिलंय. वाहिदनं हे मला त्याच्या दुकानात बसून सांगितलं, नंतर लैलानंही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात काही फरक नव्हता, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मोघे सर म्हणजे पुण्यातल्या एका शाळेचे खेळाचे मास्तर. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून औंढ्याच्या बंगल्यात एकटेच. मुलगा परदेशात. बंगल्याची राखण करायला केरबा, तो मागच्या खोलीत राहायचा.

लैलानं तोवर शाळा-कॉलेजच्या पुस्तकांपलीकडं काही वाचलेलं नव्हतं. सरांना हवी असायची खेळाडूंची चरित्रं. कुणी पैलवान, कुणी अनवाणी धावणारी पोरगी, कुणी हॉकीतला गोलरक्षक. पहिले दोन दिवस ती जांभया देत वाचत होती. मग पैलवानाचा खांदा निखळला तिथं वेळ संपली, आणि त्या रात्री तिला झोप येईना. त्याचं पुढं काय झालं? असं व्हायला लागलं.

वरच्या फळीवर मुलाची जुनी पुस्तकं होती. भुताखेतांची, अंतराळाची, यंत्रमानवांची. सर म्हणायचे, "पोरकट आहेत ती. हात लावू नकोस." पण केरबा चहा आणेपर्यंत ती हळूच एखादं काढायची. उभ्या उभ्या दोन पानं वाचायची. परत जागेवर ठेवायची.

आणि एके दिवशी गोलरक्षकाचं पुस्तक खूण काढून उघडलं, तर सर म्हणाले, "हे झालं की काल."

"काल तर आपण इथंच थांबलो, सर."

"ते संध्याकाळी. जेवणानंतर परत आलीस तेव्हा पुढचं वाचलंस ना!"

वय झालं, असं म्हणून ती हसली. पण सरांनी पुढच्या प्रकरणात काय होतं ते सांगितलं. कुठला सामना, कुणी मारलेला गोल, बोट कुठलं मोडलं… तिनं पानं उलटून पाहिली. सगळं बरोबर होतं.

तिचा संशय केरबावर गेला. त्याला वाचता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण त्याच्याकडं मोबाइल होता. कुणाकडून तरी आवाज भरून आणायचा आणि म्हाताऱ्याला ऐकवायचा, काय कठीण आहे? कशासाठी, ते मात्र तिला कळेना. ती चहा घेताना त्याच्याकडं बघत राहायची. केरबाही तिच्याकडं बघायचा.

शेवटी तोच बोलला. "ताई, रातची गाडी कुटं लावती तू? फाटक वाजत न्हाई, गाडी वाजत न्हाई. निस्ता तुजा आवाज येतो खोलीतनं."

"केरबामामा, मी रात्री घरी असते. अम्मीला विचारा."

"म्या कशाला इचारू? पन गाव बोलंल की. बरं दिसत न्हाई ते."

हे गल्लीत पोचलं असतं तर वाहिदनं तिला घराबाहेर पडू दिलं नसतं. काम सोडावं, असंही मनात आलं. पण सरांची तब्येत बघवेना. गाल आत गेलेले. रात्र रात्र झोप नाही. आणि तोंडावर कसला तरी आनंद!

"भुताचं ते काय सुंदर वाचलंस गं! मी उगाच पोरकट म्हणत होतो," ते म्हणाले. आठवड्यानं म्हणाले, "आता अंतराळातलं रंगात आलंय." मग जरा थांबून म्हणाले, "राग मानू नकोस. दिवसा तू घाईनं वाचतेस. रात्री फार छान वाचतेस."

तिला ते लागलं. आपल्याच नावाच्या कुणाचा तरी तिला हेवा वाटला.

मग मार्गशीर्ष लागला, देवदिवाळीचा दुसरा दिवस आला. शनिवार. लोणावळ्यात गाड्यांची ही गर्दी, आणि औंढ्यात मात्र कुत्रंही भुंकत नव्हतं. चंद्राची कोर केव्हाच डोंगराआड गेलेली. लैलानं वाहिदला फोन केला, सरांना बरं नाही, उशीर होईल म्हणून. सरांचा निरोप घेतला, फाटकापर्यंत गेली, आणि मागच्या बाजूनं व्हरांड्यात परत आली. केरबाला समोर बसवला. त्याचा मोबाइल मागून घेतला, बंद केला आणि मांडीवर ठेवला.

"आता बघू कोण वाचतं."

"बघू की," केरबा म्हणाला. त्यालाही तिला समोर बसवूनच बघायचं होतं.

सरांच्या खोलीत दिवा नव्हता. त्यांना दिव्याचं काय काम? दार लोटलेलं. जेवणं झाली होती. थंडी वाढत होती.

आणि आतून आवाज आला.

वाचण्याचा.

केरबानं लैलाच्या ओठांकडं पाहिलं. ओठ मिटलेले. मग तो दाराकडं बघायला लागला. परत तिच्याकडं.

आवाज तिचाच होता. अंतराळातलं काही वाचत होता. यान, कक्षा… मग 'गुरुत्वाकर्षण' हा शब्द आला. लैला शाळेपासून त्या शब्दाला अडखळायची. आतला आवाजही अडखळला. तिच्यासारखाच जरासा हसला. परत पहिल्यापासून म्हणाला.

त्या खोलीत काळोख होता. काळोखात कोण वाचतं?

लैला उठली. केरबानं तिची ओढणी धरली. तिनं सोडवली. दारापाशी गेली.

"सर?"

वाचन थांबलं.

आत पान उलटल्याचा आवाज… मग काही नाही.

"थांबलीस का?" सर म्हणाले. "बाहेर कोण आहे गं?"

आतून लैलाचा आवाज म्हणाला,

"कुणी नाही, सर."

लैला म्हणते, तेव्हा तिला आपण खरंच बाहेर आहोत का, हेच क्षणभर कळेना. मग आत सर खोकले. म्हाताऱ्या माणसाचा तो कोरडा खोकला. तो ऐकला आणि तिनं दार ढकललं.

आपल्या मोबाइलचा उजेड टाकला. सर पलंगावर बसलेले. समोर तिची रोजची खुर्ची. रिकामी. खुर्चीवर पुस्तक उघडं.

सरांचं तोंड खुर्चीकडं होतं. दाराकडं नाही.

"सर, मी लैला. चला बाहेर."

"लैला तर इथं बसलीय."

"मी लैला आहे, सर!"

सरांनी अगदी हळू आवाजात खुर्चीला विचारलं, "मग तू…?"



लैलानं त्यांचा उजवा हात धरला आणि ओढला. ते उठले. पण डावा हात मागेच. खुर्चीच्या दिशेनं ताणलेला. कुणीतरी धरून ठेवल्यासारखा. "सोड," सर म्हणाले. लैलाला नाही. "सोड पोरी, लागतंय…"

केरबा आत धावला. त्यानं सरांच्या कमरेला मिठी घातली, आणि दोघांनी मिळून त्यांना खोलीबाहेर काढलं. दार ओढून कडी घातली. रात्रभर तिघं केरबाच्या खोलीत दिवा लावून बसले. लैलाचा फोन गेल्यावर वाहिद रिक्षा घेऊन आला, तोही तिथंच बसला. बंगल्यातून पुन्हा आवाज आला नाही. केरबानं मात्र दोन्ही हात जोडून लैलाची माफी मागितली. "म्या तुज्यावर वाईट वहीम घेतला, ताई." ती म्हणाली, "मीही तुमच्यावर घेतलाच की."

सकाळी पुण्याहून सरांचा पुतण्या आला आणि त्यांना घेऊन गेला. बंगल्याला कुलूप लागलं. सर आता बरे आहेत, झोपतात. कुणी वाचून दाखवतो म्हटलं, तर नको म्हणतात. लैला वाचते. सगळ्या तऱ्हेची पुस्तकं वाचते, पार उशिरापर्यंत. पण मनात. तिच्या तोंडून वाचनाचा एक शब्द त्यानंतर कुणी ऐकला नाही.

संपलं असतं इथंच. पण पुतण्या सरांना घेऊन गेला, त्याच दिवशी दुपारी केरबाचा तिला फोन आला.

"ताई, तुज्या चपला हितंच ऱ्हायल्या. सायबांच्या दाराम्होरं. डाव्या चपलीचा अंगठा हिरव्या दोऱ्यानं शिवलेला, त्याच."

लैला दुकानात वाहिदशेजारी उभी होती. तिनं खाली पाहिलं.

तिच्या चपला तिच्या पायांत होत्या. डाव्या अंगठ्याला हिरवा दोरा.

"मामा," तिनं विचारलं, "आत कुणी आहे?"

फोनमधून केरबानं कुलूप ओढून बघितल्याचा आवाज आला.

"कुलूप तर लागलंय, ताई… पन चपला काढून मानूस आतच जातो न्हवं?"