सूर्याआड जाण्याआधीचं पत्र

मेलचा पासवर्ड बरोबर होता. स्वरदाने तो तीन वेळा अक्षर न् अक्षर तपासून टाकला होता. तरी ‘प्रवेश करा’ दाबलं की पान क्षणभर पांढरं व्हायचं आणि पुन्हा पासवर्डच मागायचं. काय चुकलं, तेही सांगायचं नाही.

साडेतीन वाजले होते. पाच वाजता मंगळाशी संपर्क बंद होणार होता. पृथ्वी आणि मंगळ यांच्या मधोमध सूर्य येत होता, त्यामुळे पुढचे पंधरा दिवस एक अक्षरही इकडून तिकडे जाणार नव्हतं. स्वरदाची आई मंगळावरच्या तळावर पाण्याचा शोध घेत होती. काल तिने कळवलं होतं, की तिचा मुक्काम आठ महिन्यांनी लांबला आहे. रागाच्या भरात स्वरदाने उत्तर पाठवलं, ‘मग तिथेच राहा.’

आता पंधरा दिवस आई तेच वाक्य वाचत बसणार? बाबा कामावर होते. लॅपटॉप बगलेत मारून ती खालच्या मजल्यावर कुमुदआजींकडे धावली. कुमुदआजी संगणकशास्त्रज्ञ होत्या. निवृत्त झाल्या तरी सांगलीतली अर्धी मुलं त्यांच्या दारात असत.

सगळं ऐकून आजींनी विचारलं, “दुसरी पानं उघडतात का?”

“हो. हवामानाचं उघडलं, शाळेचंही.”

“म्हणजे इंटरनेट चालू आहे. आता खाजगी खिडकी उघड आणि तिथून मेलमध्ये जा.”

खाजगी खिडकी (जुनं काहीही न वापरता कोरी सुरू होणारी खिडकी) उघडून स्वरदाने पासवर्ड टाकला. आणि आईची सगळी पत्रं समोर आली!

“उघडलं! पण मग तिकडे का नाही उघडत?”

“ते नंतर. आधी पत्र लिही.”

स्वरदाने लिहिलं, ‘आई, मी खोटं बोलले. तिथे राहू नकोस. काम झालं की ये. मी रागावले होते, पण आता नाही.’ पत्र गेलं तेव्हा पावणेचार झाले होते. ते पोचायला एकवीस मिनिटं, उत्तर यायला आणखी एकवीस.

“आता वेळच आहे,” आजी म्हणाल्या. “बिघाड शोधू या. खाजगी खिडकीत मेल उघडला, यावरून काय कळलं?”

स्वरदा विचार करून म्हणाली, “पासवर्ड ठीक आहे. तिकडचा मोठा कॉम्प्युटरही ठीक आहे.”

“त्याला सर्व्हर म्हणतात (पत्रं सांभाळणारा दूरचा संगणक). मग बिघडलंय ते तुझ्या ब्राउझरमध्ये (इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम). नेहमीच्या खिडकीत तो तीन गोष्टी वापरतो. एक कॅश (पानांच्या जुन्या प्रतींचा साठा), म्हणजे दर वेळी सगळं नव्याने आणावं लागत नाही. दुसरी कुकी (‘ही स्वरदाच आहे’ असं सांगणारी छोटी चिठ्ठी). आणि तिसरी तू स्वतः जोडलेली एक्स्टेन्शन्स (जादा कामं करणारे छोटे प्रोग्रॅम).”

“मी मांजरांचं एक जोडलंय,” स्वरदा ओशाळून म्हणाली. “पानावर मांजरं फिरतात.”

“छान. आधी तेवढंच बंद कर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने दुरुस्त झालं ते कळत नाही.”

मांजरं गेली. पान मात्र तसंच पासवर्ड मागत राहिलं.

“बिचारी मांजरं निर्दोष!” आजी हसल्या. “आता सेटिंगमध्ये जाऊन फक्त या मेलची कुकी पुसून टाक. बाकीच्या पानांच्या राहू दे.”

स्वरदाचा हात थांबला. “आईची पत्रं पुसली गेली तर?”

“ती इथे नाहीतच गं. ती सर्व्हरवर आहेत. आत्ता कोऱ्या खिडकीतून दिसली ना तुला?”

दिसली होती खरी. स्वरदाने श्वास रोखून ‘पुसा’ दाबलं, पान पुन्हा उघडलं आणि पासवर्ड टाकला. नेहमीच्या खिडकीत मेल उघडला. वरच सूचना होती: ‘काल रात्रीपासून प्रवेशाची पद्धत बदलली आहे.’

“म्हणजे माझा ब्राउझर जुनीच चिठ्ठी दाखवत होता!” स्वरदा ओरडली. “आणि सर्व्हर तिला ओळखतच नव्हता!”

“अगदी बरोबर. कुणीच वाईट नव्हतं. चिठ्ठी तेवढी शिळी झाली होती.”

मग दोघी बसून राहिल्या. आजींनी चहा केला. साडेचार झाले. पावणेपाच झाले. आई कामावर बाहेर गेली असेल का? स्वरदाला चहा जाईना.

चार एक्कावन्नला पडद्यावर नवं पत्र आलं.

‘स्वरदा, कालचं वाचून मी खूप रडले आणि आजचं वाचून त्याहून जास्त. रागाव, पण लिहीत राहा. आज आम्हाला खडकाखाली बर्फ सापडला. मुठीएवढाच आहे, पण आहे. पंधरा दिवसांनी त्याचा फोटो पाठवते.’

स्वरदाने ते दोनदा वाचलं आणि कुमुदआजींच्या कुशीत डोकं खुपसलं. वर केलं तेव्हा तिचे डोळे ओले होते आणि चेहरा हसरा.

“आजी, मंगळावर बर्फ सापडला! मी मोठी होईन तोवर तिथे सर्व्हरसुद्धा असेल ना?”

“असेल की. आणि त्याला बिघाड शोधणारं माणूसही लागेल.”

“मग मी आहे,” स्वरदा म्हणाली आणि तिने गार झालेला चहा एका घोटात संपवला.