एकशे अठ्ठाविसावं पान

आई बाबांशी बोलली ते पहिलं वाक्य, "रांगेत या."

रांगेत एकच माणूस होता. पुस्तकं, रेकॉर्डी आणि रेडिओ विकणाऱ्या त्या दुकानात जिन्याखाली 'वस्तूबदल व तक्रार' असं टेबल होतं. टेबलामागे आई. घर तिच्या पगारावर चालायचं, आणि नोकरीत कायम व्हायला अजून दोन महिने होते. समोरचे गृहस्थ नवा ट्रान्झिस्टर नाचवत होते, "ऐका, नुसता खरखरतो!" आईनं एरियल ओढून वर केली. गाणं लागलं. गृहस्थ गाण्यासकट निघून गेले.

मग बाबा पुढे आले. जवळच्याच कचेरीत ते घरांचे नकाशे काढायचे. बोटाला काळी शाई, काखेत कादंबरी.

"तुमचं काय बिघडलंय?"

"माझं काही नाही. ह्याचं." सत्त्याण्णव ते एकशे बारा ही पानं दोनदा बांधली होती आणि पुढची सोळा गायब होती. "ती स्टेशनवर त्याची वाट बघत उभी आहे. पान उलटलं, तरी उभीच. तो आला का नाही, ते छापखान्यालाच ठाऊक."

आवृत्ती संपली होती. दुकानात एक नमुना प्रत होती, पण ती बाहेर न्यायची नाही असा नियम.

"इथेच उभ्यानं वाचा," आई म्हणाली.

"उभ्यानं वाचलेलं माझ्या डोक्यात बसत नाही."

"मग पैसे परत घ्या."

"आणि ती बिचारी? स्टेशनवर?"

आईनं हसू दाबलं. बाबा नेहमी म्हणायचे, तिनं ते दाबलं नसतं तर मी पैसे घेऊन गेलो असतो.

"रोज एक पान उतरवून देते," ती बोलून गेली. "जेवणाच्या सुट्टीत."

दुसऱ्या दिवसापासून पाच वाजले की बाबा हजर. निळ्या शाईतलं पान ते तिथेच वाचत – उभ्यानं!

"तुमचा 'ळ' आडवा पडलाय."

"दमलाय तो. तुमच्यासाठी लिहून लिहून."

"आणि आज अर्धंच पान?"

"रेकॉर्डवाले आले होते. एकाची गायिका एकाच ओळीवर अडकली होती."

"भाग्यवान आहे. पुढच्या ओळीसाठी त्याला परत यावं लागेल…"

आई खाली बघून फॉर्म लावत बसली. फॉर्म आधीच लावलेले होते.

पंधरावं पान देण्याच्या दिवशी बाबा आले, तर टेबलाशी व्यवस्थापक उभे. बाबा रेकॉर्डींच्या मांडणीआड थांबले.

"एका पुस्तकाची तक्रार तीन आठवडे उघडी?" व्यवस्थापक विचारत होते. "पंधरा दिवसांत ग्राहकाची सही लागते, माहीत आहे ना? कायम व्हायचंय की नाही तुम्हाला?"

"एकच पान राहिलंय, साहेब."

"पानाचं मला सांगू नका. सहीचं सांगा."

बाबा पुढे आले. तक्रारीचा फॉर्म ओढून घेतला आणि 'माझे समाधान झाले' ह्या ओळीखाली सुबक सही केली. आईच्या हातून पंधरावं पान घेतलं, मान लववली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले. तिसऱ्या दिवशीही वाजले. एकशे अठ्ठाविसावं पान आईनं उतरवून खणात ठेवलं होतं. त्यात एकही 'ळ' आडवा नव्हता. दुकानाच्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी ती ते घेऊन सरळ नकाशांच्या कचेरीत गेली. चार ड्राफ्ट्समननी एकदम माना वर केल्या.

"तुम्ही खोटी सही केलीत," ती म्हणाली.

बाबांच्या हातातली पट्टी तशीच राहिली. "तुमची नोकरी जात होती."

"मग नंतर यायला काय झालं होतं?"

"कुठल्या तोंडानं? तक्रारच उरली नव्हती." मग, अगदी हळू – "आणि एक सांगायचं राहिलंय. ती पानं मी… ग्रंथालयात जाऊन आधीच…"

"पहिल्याच आठवड्यात वाचलीत. ठाऊक आहे मला. मीही जाते तिथे. पुस्तकाच्या कार्डावर तुमची सही बघितली, तारखेसकट."

"तरीसुद्धा लिहीत राहिलात?"

"तुम्हीसुद्धा येतच राहिलात की."

तिनं पान त्यांच्या हातात दिलं. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी खोकलं. बाबा सांगायचे, त्या दिवशी काढलेल्या नकाशात घराला दारच काढायचं राहिलं.

आईला जाऊन आता दोन महिने झाले. परवा कपाट आवरताना ती कादंबरी हाती आली. निळी पंधरा पानं नीट चिकटवलेली, सोळावं सुटं. घड्यांवर विरलेलं. मी डिंकाची बाटली घेऊन बाबांजवळ बसले.

"हे एवढं चिकटवून टाकू का? हरवेल नाहीतर."

बाबांनी ते माझ्याकडून घेतलं. वाचलं नाही, नुसतं धरून बसले.

"नको," ते म्हणाले. "बाकीची तिनं टेबलावरून दिली होती गं. हे चालत येऊन हातात दिलं."